केंद्रीय लोकसेवा परीक्षा आणि आपण

आमच्या गावच्या विहाराला लागून एक खोली आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी संध्याकाळी तेथे बसतो. दहाबारा मुले-मुली अभ्यासाला येतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करतो, कोणी तलाठ्याच्या परीक्षेची. दोन वर्षांपूर्वी रोवणीच्या आधी एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन तेथे आला. मुलगा नुकताच पदवीधर झालेला. बापाने वहाणा बाहेर काढल्या, बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडले आणि तो म्हणाला, "गुरुजी, एक बांदी इकून टाकतो जी. पोराले दिल्लीले धाडतो. कलेक्टरची परीक्षा देतो म्हनते."

बांदी म्हणजे बांध घातलेले धानाचे खाचर. या माणसाकडे अशा तीन बांद्या आणि त्यांवर पाच माणसे. मी मुलाला विचारले, "या परीक्षेचा अभ्यासक्रम तू वाचला आहेस का?" तो म्हणाला, "नाही सर. तो क्लासवाले देतात."

या उत्तराने मी अस्वस्थ झालो. ज्या कागदाला एक पैसा पडत नाही, जो केंद्रीय लोकसेवा आयोग दरवर्षी जाहिरातीबरोबर सर्वांसाठी प्रसिद्ध करतो, तो कागद वाचण्याआधी जमीन विकायला निघालेली कुटुंबे आपल्या समाजात आहेत. ग्रंथ आपल्यापासून लपवून ठेवले जात होते, त्या काळाची सवय अजून आपल्या अंगात आहे की काय? ज्ञान कोणीतरी मधला माणूस देईल, त्याचे मोल मोजावे लागेल, असे आपण गृहीत धरतो. हा अभ्यासक्रम गुप्त नाही. तो आपणच उघडून वाचला पाहिजे. तो कसा वाचावा, हे सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

या परीक्षेशी आपला संबंध कसा आला, हे आधी पाहू. १८५५ पासून सनदी सेवेची परीक्षा लंडनला होत असे. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर हे तीत यशस्वी झालेले पहिले भारतीय. हिंदुस्थानात ही परीक्षा घेण्यास १९२२ मध्ये सुरुवात झाली. म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षे, समुद्र ओलांडण्याचा पैसा आणि मुभा ज्यांना होती त्यांनाच ही परीक्षा खुली होती. गावच्या विहिरीवर ज्यांना मज्जाव होता, त्यांचा येथे विचारच नव्हता.

हा प्रश्न सरकारदरबारी नेटाने मांडला तो बाबासाहेबांनी. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सभासद असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. त्यानंतर ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्र सरकारने अनुसूचित जातींसाठी नोकऱ्यांत शेकडा ८.३३ जागा राखून ठेवल्या, वयाची अट तीन वर्षांनी शिथिल केली आणि परीक्षेची फी एक चतुर्थांशावर आणली. आज आपला विद्यार्थी अर्ज भरतो तेव्हा त्याला फी पडत नाही आणि वयात पाच वर्षांची सूट मिळते. या दोन सवलतींचे मूळ १९४३ च्या त्या हुकमात आहे. अर्जातला तो रकाना म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. तो झगडून मिळवलेला आहे, हे भरणाऱ्याला ठाऊक असावे.

या रकान्याशी माझीही एक गोष्ट निगडित आहे. मे १९५४ मध्ये बाबासाहेब आमच्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. त्या वर्षीचा माझा जन्म. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर वडिलांनी मला खांद्यावर बसवून नेले होते. पुढे मी पदवीधर होऊन मास्तर झालो. १९८३ मध्ये ही परीक्षा द्यावी असे मनात आले, तेव्हा खुल्या वर्गाची वयोमर्यादा मी ओलांडली होती. अनुसूचित जातीची सवलत मिळाली असती तर बसता आले असते. पण धर्म बौद्ध लिहिला की केंद्र सरकारच्या लेखी मी अनुसूचित जातीचा उरत नव्हतो. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून बौद्धांना सवलती दिल्या होत्या, केंद्राने दिल्या नव्हत्या. एका कचेरीतल्या कारकुनाने मला सुचवले, "हिंदू लिहून टाका, कोण पाहायला येते?" कितीतरी जणांनी तसे लिहिले. मी त्यांना दोष देत नाही, कारण घरी चूल पेटवायची होती. मला मात्र वडिलांच्या खांद्यावरचा तो दिवस खोडता आला नाही. मी अर्ज भरला नाही.

१९९० मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि अनुसूचित जातींच्या व्याख्येत बौद्धांचा समावेश झाला. मध्ये चौतीस वर्षे गेली. एक संपूर्ण पिढी या दारापाशी येऊन, धर्म लपवायचा की संधी सोडायची, या पेचात सापडली. आजच्या मुलांपुढे हा पेच नाही. म्हणूनच त्यांनी निष्काळजीपणे या परीक्षेकडे जावे किंवा न वाचताच तिला घाबरावे, हे मला सहन होत नाही.

आता परीक्षेचे स्वरूप पाहू. किमान वय २१, अनुसूचित जाती-जमातींसाठी कमाल वय ३७, आणि त्या वयापर्यंत कितीही वेळा बसण्याची मुभा. पात्रता म्हणून मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. पहिला वर्ग लागत नाही, इंग्रजी माध्यम लागत नाही. मुक्त विद्यापीठाची पदवीही चालते.

परीक्षेचे तीन टप्पे आहेत. पहिला पूर्वपरीक्षेचा. नागपूर हे तिचे एक केंद्र आहे. एकाच दिवशी दोन-दोन तासांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात आणि पर्यायांतून उत्तर निवडायचे असते. पहिल्या प्रश्नपत्रिकेत १०० प्रश्न, २०० गुण. इतिहास, भूगोल, राज्यघटना, अर्थव्यवस्था, पर्यावरण, सामान्य विज्ञान आणि चालू घडामोडी हे तिचे विषय. दुसरीत ८० प्रश्न, २०० गुण. उतारे समजून घेणे, तर्क, साधे गणित. या दुसऱ्या पत्रिकेत फक्त ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळवायचे असतात. चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापले जातात. पूर्वपरीक्षेचे गुण पुढे धरले जात नाहीत. ती केवळ चाळणी आहे.

दुसरा टप्पा मुख्य परीक्षेचा, आणि खरी परीक्षा हीच. येथे उत्तरे लिहावी लागतात. एकंदर नऊ पत्रिका. त्यांतल्या दोन भाषेच्या : एक भारतीय भाषेची, आपल्यासाठी मराठीची, आणि एक इंग्रजीची. प्रत्येकी ३०० गुणांच्या या पत्रिकांत २५ टक्के मिळाले की पुरे. पण ते मिळाले नाहीत तर बाकीच्या उत्तरपत्रिकांचा विचारच होत नाही. उरलेल्या सात पत्रिका प्रत्येकी २५० गुणांच्या : निबंधाची एक, सामान्य अध्ययनाच्या चार आणि आपण निवडलेल्या एका वैकल्पिक विषयाच्या दोन. बेरीज १७५०. तिसरा टप्पा दिल्लीतील मुलाखतीचा, २७५ गुणांचा. एकूण २०२५ गुणांवर गुणवत्ता यादी लागते.

भाषेचा मुद्दा नीट समजून घ्यावा. कोठारी समितीच्या शिफारशींवरून १९७९ मध्ये परीक्षेची नवी पद्धत आली, तेव्हापासून घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांतून उत्तरे लिहिता येतात. २०१३ मध्ये या हक्कावर गदा येऊ लागली होती. महाराष्ट्रात आणि संसदेत आवाज उठल्यावर सरकारला ते बदल मागे घ्यावे लागले. तेव्हा मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखत मराठीतून देता येते. पण भाषा आणि साहित्याच्या पत्रिका सोडल्या तर प्रश्न छापलेले असतात ते हिंदी आणि इंग्रजीत. पूर्वपरीक्षेतही तेच. म्हणजे हिंदी भाषकाला जो प्रश्न त्याच्या भाषेत मिळतो, तो मराठी मुलाला परक्या भाषेत वाचून आपल्या भाषेत सोडवावा लागतो. ही विषमता आहे आणि ती आपण बोलून दाखवली पाहिजे. तोवर उपाय एवढाच की सरकारी हिंदी आणि साधे इंग्रजी वाचण्याचा सराव पहिल्या दिवसापासून करावा. आमचा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. बालाघाटची सीमा जवळ आहे. तुमसरच्या बाजारात हिंदी रोज कानावर पडते. ही आमच्या मुलांची जमेची बाजू आहे, पण तिकडे कोणी जमेची बाजू म्हणून पाहत नाही.

आता अभ्यासक्रमाकडे वळू. आमच्या मुलांना वाटते की त्यात सारे दिल्लीचे, परदेशाचे, मोठ्या लोकांचे असणार. मी त्या मुलासमोर सामान्य अध्ययनाचा अभ्यासक्रम उघडला आणि एकेक ओळ वाचायला लावली. तिसऱ्या पत्रिकेत सिंचनाचे प्रकार आहेत. मी म्हटले, आपला मालगुजारी तलाव आठव. तो कोणी बांधला, पाणी कोणाच्या बांदीला आधी जाई, १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले तेव्हा काय झाले, गाळ का साचला? पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. त्याची कोनशिला १९८८ मध्ये बसली. धरणाचे पाणी कोठे पोचले, कोणाची गावे उठली? पुढे शेतमालाला आधारभूत किंमत, साठवण आणि स्वस्त धान्य दुकान. धान खरेदी केंद्रावर पोत्यांच्या रांगेत तुझा बाप रात्र काढतो, ते याच ओळीत बसते. त्याच पत्रिकेत जमीन सुधारणा आहेत. आपल्यांपैकी कित्येकांच्या नावे सातबारा का नाही, हा त्याच ओळीतला प्रश्न.

पहिल्या पत्रिकेत प्राचीन कला आणि वास्तू आहेत. पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन होऊन बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. आमची मुले तेथे यात्रेला जातात, पण ही आपल्या अभ्यासाची जागा आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. दुसरी पत्रिका राज्यघटना आणि सामाजिक न्यायाची. आमच्या घरात ज्यांची तसबीर आहे, त्यांच्याच नेतृत्वाखाली लिहिला गेलेला मसुदा हा तिचा गाभा.

अनुभव म्हणजे उत्तर नव्हे, हेही मी त्याला बजावले. दहा गुणांचे उत्तर दीडशे शब्दांत आणि पंधरा गुणांचे अडीचशे शब्दांत लिहायचे असते. तीन तासांत असे वीस प्रश्न. तेथे नुसता संताप चालत नाही. कायदा, वर्ष, आकडा, कारण आणि उपाय यांच्या चौकटीत तो बसवावा लागतो. पण ज्याने पोत्यांची रांग पाहिली आहे त्याला ती ओळ पाठ करावी लागत नाही.

वैकल्पिक विषयांच्या यादीने तो मुलगा सर्वाधिक चकित झाला. राज्यशास्त्रात भारतीय राजकीय विचारवंतांमध्ये आंबेडकर आहेत. तत्त्वज्ञानात जातिभेदाच्या संदर्भात गांधी आणि आंबेडकर असा स्वतंत्र मुद्दा आहे. समाजशास्त्रात जातिव्यवस्था आणि अस्पृश्यता आहे. आणि मराठी साहित्य? त्यात लोकसाहित्यापासून दलित साहित्याच्या प्रवाहापर्यंत सारे आहे. नेमलेल्या पुस्तकांत जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' आहे, 'सार्वजनिक सत्यधर्म' आहे, बाबुराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' आहे, प्र. ई. सोनकांबळ्यांचे 'आठवणींचे पक्षी' आहे, नारायण सुर्व्यांचा 'जाहीरनामा' आणि नामदेव ढसाळांचा 'या सत्तेत जीव रमत नाही' हा संग्रह आहे.

या यादीपाशी मी स्वतः बराच वेळ थांबलो. 'असूड' १८८३ चा. सरकारी खाती एकाच वर्णाच्या कामगारांच्या हाती गेल्याने शेतकरी कसा नाडला जातो, हे जोतीरावांनी त्यात मांडले. आज त्याच सरकारी खात्यांत शिरण्याच्या परीक्षेला तो ग्रंथ लावलेला आहे. याला विजय म्हणावा का? अर्धा म्हणता येईल. पुस्तक अभ्यासक्रमात जाणे आणि पुस्तकातला विचार कचेरीत जाणे, यांत फार अंतर आहे. कोणी 'असूड' गुणांसाठी वाचील आणि खुर्ची मिळाली की विसरेल. ते अंतर कापणारी माणसे तयार करणे हे परीक्षेचे काम नव्हे. ते आपले काम आहे.

चौथी पत्रिका नीतिशास्त्राची. तीत दुर्बल घटकांविषयी समानुभूती, सहिष्णुता आणि करुणा हे सनदी सेवकाचे गुण म्हणून दिलेले आहेत. हे वाचून मुलाने विचारले, "सर, हे आपल्याविषयी लिहिले आहे का?" होय, आपल्याविषयी. पण लिहिणाऱ्याने आपल्याला टेबलाच्या बाहेरच्या बाजूला उभे केले आहे. आपला मुलगा ही पत्रिका सोडवतो तेव्हा तो टेबलाच्या आत बसण्याची तयारी करीत असतो. करुणा चांगली, परंतु आपली मागणी न्यायाची आहे.

हे केवळ शब्दांचे भांडण नाही. आमच्याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातील खैरलांजीला २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये शिक्षा सुनावल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू धरला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही तो धरला नाही. १९८९ चा हा कायदा आणि त्याचे १९९५ चे नियम अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या पत्रिकेत येतात. त्या नियमांप्रमाणे अशा गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही, आणि जिल्हादंडाधिकारी व पोलीस अधीक्षक यांनी घटनास्थळी जायचे असते. जिल्हादंडाधिकारी आणि अधीक्षक ही पदे याच सेवांतली आहेत. कागदावरचा नियम कोणत्या रात्री, किती तासांत, कोणत्या मनाने अमलात येतो, हे त्या खुर्चीतल्या माणसावर ठरते. आमच्या पोरांनी ही परीक्षा का द्यावी, याचे माझे उत्तर हे आहे. लाल दिव्याच्या गाडीचा हव्यास हे ते उत्तर नव्हे. आणि आपला माणूस खुर्चीत गेला म्हणजे आपोआप न्याय होईल, असेही मी मानत नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी आपल्या शिकलेल्या लोकांविषयी जी खंत बोलून दाखवली, ती विसरता येत नाही.

आता कटू हिशेब. २०२४ च्या परीक्षेला ९,९२,५९९ अर्ज आले. पूर्वपरीक्षेला ५,८३,२१३ बसले. मुख्य परीक्षेसाठी १४,६२७ पात्र ठरले, मुलाखतीसाठी २,८४५ आणि शेवटी शिफारस झाली १,००९ जणांची. त्यांत अनुसूचित जातींचे १६०. हे आकडे मी त्या बापाला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मंग बांदी इकाची का नाई जी?"

मी म्हणालो, या वर्षी नको. बांदी गेली की परत येत नाही. परीक्षा दरवर्षी येते आणि आपल्याला ती सदतिसाव्या वर्षापर्यंत खुली आहे. आधी एक वर्ष घरी राहून पूर्वपरीक्षेची तयारी करू. सहावी ते बारावीची इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्राची पुस्तके, राज्यघटनेची एक प्रत, रोजचे वर्तमानपत्र आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका. आयोग त्या फुकट उपलब्ध करून देतो. त्यानंतर पुण्याची बार्टी आणि नागपूरचे शासकीय प्रशिक्षण केंद्र यांच्या प्रवेश परीक्षा द्याव्यात. तेथे निवड झाली तर जमीन विकावी लागत नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून लेखी उत्तरांची झाली आहे, तेव्हा एकच अभ्यास दोन्हीकडे उपयोगी पडतो. आणि पोटापाण्याची दुसरी वाट बंद करून ही परीक्षा देऊ नये. नापास होणाऱ्यांत हुशार मुले हजारोंनी असतात. त्यांना तोंड लपवावे लागू नये.

मुलाला मी पहिले काम दिले ते असे : आयोगाच्या जाहिरातीतला अभ्यासक्रम घ्यायचा, शंभर पानी वहीत स्वतःच्या हाताने तो मराठीत उतरवायचा, आणि प्रत्येक ओळीसमोर आपल्या तालुक्यातले एक उदाहरण लिहायचे. त्याला सव्वा महिना लागला. काही ओळींसमोरची जागा कोरी राहिली. त्या कोऱ्या ओळी म्हणजे त्याचा खरा अभ्यास होता. तोवर त्याला तो कोठून सुरू करावा हेच कळत नव्हते.

पहिल्या खेपेला तो पूर्वपरीक्षेत अडला. दुसऱ्या पत्रिकेतले उतारे त्याला वेळेत वाचून झाले नाहीत. आता तो सकाळी शेतावर जातो आणि संध्याकाळी खोलीत येऊन हिंदी व इंग्रजी उतारे घड्याळ लावून वाचतो. त्याची वही खोलीतच असते. या वर्षी दोन मुलींनी ती उतरवून घेतली आणि कोऱ्या राहिलेल्या काही ओळी भरल्या. बांदी अजून त्यांचीच आहे.

आपल्या प्रत्येक गावात विहार आहे, बहुतेक विहारांना एखादी खोली आहे. माझ्यासारखे निवृत्त मास्तर, कारकून, पोस्टमन गावोगावी आहेत. आम्हांला ही परीक्षा देता आली नाही, पण तिचा कागद वाचून दाखवता येतो. निदान जमीन विकायला निघालेल्या बापाला, "थांबा, आधी हे वाचू," एवढे तरी आपण म्हटलेच पाहिजे.